तळ्याकाठचे लव्हाळे नेमके कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय, ‘गावच्या तळ्याकाठी चार प्रकारचे लव्हाळे आहेत, फोटोवरून नावं सांगाल का?’ नाही सांगणार. फोटोवरून लव्हाळ्याचं नाव सांगणारा एक तर अंदाज बांधतो, नाहीतर थाप मारतो.

लव्हाळ्याचा तिधारी भरीव दांडा, पेर नाही, पानं तीन रांगांत, हे ठाऊक असेलच. त्यातून गवत नाही इतकंच कळतं. खरी गंमत फळात.

एमएस्सीला असताना रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घोटाभर पाण्यात, वीतभर उंचीचं एक रोप मिळालं. चपटी कणिशकं (तुऱ्यातली छोटी कणसं), त्यांतले तुष (फुलाखालचे खवले) दोन रांगांत. सर लांबूनच म्हणाले, ‘सायपेरस. लिही आणि चल.’ सायपेरस हा लव्हाळ्यांचा एक वंश. मी कातळावर बसकण मारली, भिंग काढलं आणि पिकलेलं कणिशक तळहातावर चुरगळलं. फळ मोहरीहूनही बारीक, पण तिधारी नव्हतं. दोन्ही बाजूंनी दाबलेलं, अख्ख्या मसुरासारखं. कोवळ्या फुलात कुक्षी (पराग झेलणारी टोकं) मोजल्या, तर तीनऐवजी दोन. दोन कुक्षी काही सायपेरसलाही असतात, म्हणून फळाची बसणी पाहिली: धार कणिशकाच्या दांडीकडे, म्हणजे पायक्रियस, सायपेरसच्या जवळचा वंश. सरांनी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलात मी लिहिलेलं ‘पायक्रियस’ लाल शाईने खोडून ‘सायपेरस’ लिहिलं आणि एक मार्क कापला. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हा पावसाळा सरता सरता जा, फळं धरलेलं रोप मुळासकट उपटा. तुष मळसूत्री असतील आणि कुक्षिवृंत (कुक्षींचा देठ) फळावरून गळून जात असेल तर बहुधा फिम्ब्रिस्टायलिस. पान नावालाही नाही, शेंड्यावर एकच कणिश आणि फळावर टोपीसारखा उरलेला कुक्षिवृंताचा तळ, हा इलिओकॅरिस. याचा दांडा बहुतेकदा गोलच असतो, तिथे तिधारीचा नियम गुंडाळून ठेवा. तुरा दांड्याच्या मधूनच फुटल्यासारखा दिसला तर शिनोप्लेक्टसच्या गोतातला. वरचा भाग दांडा नसतो, तुऱ्याखालचं पान सरळ उभं राहिलेलं असतं.

एक सांगायचं राहिलं. डीएनए तपासून अलीकडे पायक्रियस सायपेरसमध्येच घातलंय. म्हणजे नावापुरते सर बरोबर ठरले. पण फळ त्यांनी पाहिलं नव्हतं ते नव्हतंच.

आणि तुमच्या तिसऱ्या फोटोतला लव्हाळा नाही हो, पाणकणीस आहे. तेवढं फोटोवरूनही कळतं.