‘घासकामासाठी एवढं शिकवलं का?’

प्रश्न: मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ५८ टक्के. जहाजांवर जाऊन इंजिनाचा खराब क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) घासून दुरुस्त करण्याचं काम शिकायचं म्हणतो. जहाजावरचा इंजिनीअरच ते करतो ना? मग इंजिनीअर हो. घासकामासाठी एवढं शिकवलं का? महिनाभर आमचं बोलणं बंद आहे. – एक पालक, रत्नागिरी

उत्तर: ५८ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, महिनाभराच्या अबोल्याची वाटते. क्रँकशाफ्टचं नाव काढणारी मुलं विरळाच. तुमचा मुलगा नेमकं काय करायचं ते सांगतोय आणि तुम्ही त्याला लाज वाटायला लावताय. हे थांबवा.

इंजिनीअरचा रस्ता सर्वांना ठाऊक आहे: डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, मग जीएमई, म्हणजे पदवीधरांसाठीचा एक वर्षाचा मरीन इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम. पण त्या रस्त्याने तो या कामापर्यंत पोहोचेलच असं नाही.

कारण इंजिनीअरच ते करतो हा तुमचा समज चुकीचा आहे. तेल तुटून बेअरिंग जळालं की जहाजावरचे इंजिनीअर इंजिन उघडतात, शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) काढतात; क्रँकपिन, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, घासायला सहसा बाहेरून खास कारागीर बोलवावे लागतात. शाफ्ट जागेवरच राहतो, छोटं ग्राइंडिंग यंत्र क्रँकपिनभोवती फिरतं. त्याआधी मायक्रोमीटरने पिन किती लंबगोल झाली ते मोजायचं, चुंबकीय तपासणीने भेगा शोधायच्या, पिनभर हार्डनेस (धातूचा कडकपणा) मोजायचा. तापून कडक झालेला पट्टा वरून गुळगुळीत दिसतो, पण तो तसाच राहिला तर तिथूनच भेग सुरू होते. किती घासायचं हे इंजिन बनवणारी कंपनी ठरवते, कारण त्या मापाचे अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या पिनवर बसणारे, शेल मिळायला हवेत. इथे चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. पिनच्या कडेच्या कोपऱ्याची गोलाई बिघडली तर शाफ्ट तिथेच तुटू शकतो. ऑइल होलमध्ये घासणीची पूड राहिली तर नवं बेअरिंगही जातं. आणि जास्त घासलं गेलं तर वेल्डिंगने भरून काढू, हा मार्ग इथे सहसा नसतोच. शेवटी डायल गेजने डिफ्लेक्शन (शाफ्ट किती वाकतो ते) मोजायचं आणि क्लासच्या, म्हणजे जहाजांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेयरला समाधान वाटेपर्यंत काम दाखवायचं. याला घासकाम म्हणायचं?

त्रासही आहेत. क्रँककेसमध्ये वाकून तासन् तास काम, अचानक प्रवास, रात्रपाळी. नवख्या मुलाला थेट जहाजावर कोणी पाठवणार नाही. आधी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये दोन-तीन वर्षं काढू दे, सोबत चुंबकीय तपासणीचं लेव्हल दोन प्रमाणपत्र घेऊ दे, पासपोर्ट आत्ताच काढू दे. वर्कशॉप बघायला तुम्हीही त्याच्याबरोबर जा.