नातवंडांना युद्धाच्या गोष्टी सांगाव्यात का?

"लहान मुलांसमोर युद्ध, अणुबॉम्ब असले विषय काढावेत का हो? घाबरतील ना?" हा प्रश्न आई-वडिलांकडून येतो, तसा आजी-आजोबांकडूनही येतो. एका घरातली हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सासरे आणि सून माझ्याकडे सल्ल्यासाठी एकत्रच आले होते. आजोबांची उमेदीची वर्षं अण्वस्त्रविरोधी चळवळीत गेलेली. सह्यांच्या मोहिमा, पत्रकं, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्या 6 ऑगस्टच्या मूक फेऱ्या. नऊ वर्षांच्या नातीला ते झोपताना हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट सांगत. बॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि कागदाचे क्रौंच पक्षी करत करत 1955 मध्ये ती गेली. गोष्ट इथेच थांबायची. मग एकदा खेळताना नातीचा गुडघा काळानिळा झाला, तर आपल्यालाही सादाकोचाच आजार झाला या भीतीने ती तो कुणाला दाखवेना. रात्री एकटी झोपेना. सुनेने सांगून टाकलं, "बाबा, हा विषय आता घरात नको." आजोबांच्या ते जिव्हारी लागलं. "म्हणजे माझं अख्खं आयुष्यच या घरात बोलायचं नाही?"

मला दोघांचंही पटत होतं. पण विषय बंद केल्याने भीती जात नाही. मूल ती मनातल्या मनात वाढवत राहतं, आणि बातम्यांतलं युद्ध त्याला दिसतच असतं.

मी आजोबांना विचारलं, "गोष्ट संपल्यावर तिला काय म्हणता?"

"म्हणतो, आमच्या हातून झालं नाही, आता तुम्हीच करायचं."

घोडं इथे अडलं होतं. सादाकोपेक्षा हे वाक्य त्या पोरीला जड झालं होतं. आयुष्यभर झटूनही काम अपुरं राहिल्याची आजोबांची खंत खरी होती, आणि ती मोठ्यांनी ऐकून घ्यायला हवी होती. आम्ही त्यावर पुष्कळ बोललो, नातीला बाहेर ठेवून. सूनही ऐकत होती. सासऱ्यांनी चळवळीत नेमकं काय केलं, हे तिलाही धड माहीत नव्हतं.

मग गोष्टीकडे वळलो. सादाकोच्या वर्गमित्रांनी पैसे गोळा करायला सुरुवात केली, ठिकठिकाणच्या शाळकरी मुलांनी हातभार लावला आणि 1958 मध्ये हिरोशिमात मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. हा भाग आजोबा सांगतच नव्हते! दुसरी गोष्ट मी सुचवली, कारण नातीचे दुधाचे दात पडत होते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये 1958 पासून मुलांचे पडलेले दात शास्त्रज्ञांनी जमवले, तीन लाखांच्या आसपास. अणुचाचण्यांतून उडालेलं स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी द्रव्य दुधावाटे मुलांच्या हाडांत आणि दातांत उतरत होतं, ते त्यातून दिसलं. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळायचा. तिकडे या चाचण्यांविरुद्ध हजारो आया रस्त्यावर उतरल्या होत्या. 1963 मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. या एवढ्यानेच झाला असं नाही, पण यांचा वाटा त्यात होता.

नातीने पहिला प्रश्न बिल्ल्याचाच विचारला. दुसरा अवघड होता: "मग सगळे बॉम्ब संपले?" खोटा दिलासा देऊ नका, असं मी आजोबांना आधीच बजावलं होतं. त्यांनी सांगितलं, "नाही. पण 1986 च्या सुमारास 70,000 च्या आसपास होते, आता 12,000 च्या आसपास आहेत. कमी करायला मोठी माणसं अजून झटतायत." मोठी माणसं, हे महत्त्वाचं. आणि ही गोष्ट आता संध्याकाळी, आई घरात असताना होते, झोपताना नाही.

नातवंड चौदा-पंधराचं असेल तर गोष्ट वेगळी. "तुमच्या मोर्च्यांनी युद्धं थांबली का?" असं ते तोंडावर विचारेल. तेव्हा रागावू नका. कुठे हरलात, सोबत्यांशी कशावरून भांडलात, घरी जावंसं कधी वाटलं, ते सांगा. त्या वयाला भाषण नको असतं, वाद घालायला माणूस हवा असतो.