नवऱ्याची पोस्टिंग नगरला आलीय, तिथे कोणत्या युनिट्स आहेत आणि फॅमिलीसोबत राहण्यासारखं आहे का?

ताई, आम्ही नगरला राहून आलोय म्हणून सांगते, शक्य असेल तर नक्की सोबत जा.

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर, पण फौजेत अजून सगळे नगरच म्हणतात) हे मुख्यतः ट्रेनिंगचं स्टेशन आहे. दोन मोठी ठिकाणं म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, जिथे रणगाड्याचं सगळं शिकवतात, आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री सेंटर अँड स्कूल, आधी एमआयआरसी म्हणायचे, तिथे बीएमपीवाल्या (बीएमपी म्हणजे जवानांना घेऊन लढणारी चिलखती गाडी) पलटणींसाठी रिक्रूट तयार होतात. शिवाय डीआरडीओची व्हीआरडीई, ती गाड्यांवर संशोधन करते, पण तो वेगळा कारभार. फायरिंग के के रेंजला म्हणजे खारे-कर्जुने भागात चालतं, लांबून धडाम आवाज आले तर घाबरू नका, आठवड्यात सवय होते.

तुमचे मिस्टर इन्स्ट्रक्टर म्हणून येत असतील तर एक आधीच सांगते, पीस स्टेशन (जिथे कुटुंबासोबत राहता येतं ती पोस्टिंग) म्हणजे निवांत असं अजिबात नाही हं. पहाटे पीटी, मग दिवसभर क्लास नाहीतर ग्राउंड, संध्याकाळी गेम्स, आणि नवीन पोरांची बॅच आली की घरी यायला उशीरच. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात ती, घरची आठवण काढून रडतात, त्यांनाही सांभाळायचं असतं. पण रात्री माणूस घरी जेवायला असतो ना, फील्डची, म्हणजे कुटुंबाला सोबत नेता येत नाही अशी, पोस्टिंग काढलेल्या बाईला त्याची किंमत विचारा!

क्वार्टर मात्र लगेच मिळेल असं धरून चालू नका, सिनियॉरिटीने नंबर लागतो, तोपर्यंत आउट लिव्हिंगची, म्हणजे कॅम्पाबाहेर राहण्याची, परवानगी काढून बरेच जण भिंगारला भाड्याने राहतात, कॅम्पाला लागूनच आहे, भाजी किराणा सगळं तिथेच. मोठा किराणा फौजेच्या सीएसडी कॅन्टीनमधून, दवाखाना एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. डिपेंडंट कार्ड (कुटुंबीयांचं ओळखपत्र) आधीच करून घ्या, त्याशिवाय गेटवर आणि एमएचला नुसती पळापळ होते. मुलांसाठी केंद्रीय विद्यालय आहे, बदलीच्या ऑर्डरवर वर्षाच्या मध्येही अॅडमिशन होते पण टीसी आणि मूव्हमेंट ऑर्डरच्या कॉप्या हाताशी ठेवा.

उन्हाळा कडक आणि पाऊस कमी, एवढं सोडलं तर राहायला छान आहे. आपल्या मराठी घरांना तर फारच सोयीचं, कारण फौजेत इतकी वर्षं पंजाब, राजस्थान, आसाम करून मग कुठे आपल्या राज्यात येतो माणूस, पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत, सासू-सासरे सहज येऊन राहू शकतात. मुलांना कॅव्हलरी टँक म्युझियम जरूर दाखवा, 1994 ला सुरू झालंय, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन रणगाडा तिथे उभा आहे, आणि बाप जे काम करतो ते नेमकं काय हे पोरांना तिथे डोळ्याने दिसतं.

मिस्टर सेंटरला येतायत की स्कूलला ते कळवा, क्वार्टरचं त्याप्रमाणे सांगता येईल.