वाचकांचे प्रश्न : मिटलेला विषय पुन्हा काढताना

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत पालखी देवळात परतल्यावर रात्री उशिरा नाटक सुरू होते आणि ते पहाटेपर्यंत चालते. नाटकाची वेळ संध्याकाळची करावी काय, यावर आमच्या नाट्यमंडळात २०१४ साली बरीच वादावादी झाली आणि शेवटी जुनीच वेळ कायम ठेवण्याचा ठराव झाला. मी तेव्हा शिक्षणासाठी गावाबाहेर होतो. अलीकडे रात्री ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि तिसऱ्या अंकाला मंडपात माणूस उरत नाही. मी विषय काढला की ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘शिळ्या कढीला ऊत आणू नकोस.’ त्यांचा मान राखून हा विषय पुन्हा मांडता येईल काय? (डिचोली तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : मांडता येईल आणि मांडावाही. मात्र त्याआधी मंडळाची इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि २०१४ सालच्या बैठकांचे वृत्तांत शांतपणे वाचा. वहीत ‘चर्चेअंती जुनी वेळ कायम’ एवढीच ओळ सापडली, तर ठरावाचे सूचक आणि अनुमोदक यांच्या घरी जाऊन तेव्हा काय बोलणे झाले ते विचारा. कदाचित तुम्हाला असे कळेल की त्या निर्णयाचा हट्टाशी काहीच संबंध नव्हता. जी मुले नाटकात काम करतात, तीच पालखीला खांदा देतात. पालखी वाड्यावाड्यांतून फिरते, दारोदारी आरती आणि ओटी होते, आणि ती देवळात परतल्याशिवाय या मुलांना रंगपटात जाऊन तोंडाला रंग लावता येत नाही. पालखीची वेळ बदलायची तर तो अधिकार देवस्थानच्या महाजनांचा आहे, नाट्यमंडळाचा नव्हे. ही अडचण तेव्हा कोणी सांगितली असेल आणि तुम्ही ती न जाणता बोललात, तर ज्येष्ठांना राग येणे स्वाभाविक आहे, कारण ज्या शंकेचे उत्तर त्यांनी एकदा कष्टाने दिले, तीच त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागते.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे नवीन काय आहे ते नेमके ठरवा. आपल्या न्यायव्यवस्थेने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ११ नुसार, त्याच पक्षकारांमध्ये ज्या वादाचा निकाल एकदा सक्षम न्यायालयाने दिला आहे, तो वाद पुन्हा चालवता येत नाही. पण त्याच संहितेच्या आदेश ४७ मध्ये पुनर्विलोकनाची वाट ठेवलेली आहे, आणि तिचे एक कारण असे की, योग्य ती काळजी घेऊनही जो महत्त्वाचा पुरावा आधी हाती आला नव्हता, तो आता मिळाला आहे. गावचे मंडळ म्हणजे न्यायालय नव्हे, हे खरे. तरीही ही कसोटी मला अतिशय न्याय्य वाटते. ‘मला तो निर्णय पटत नाही’ हे नवे कारण होत नाही. ‘तेव्हा नसलेली परिस्थिती आज आहे’ हे कारण होते.

इथे एक खबरदारी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, म्हणजे तुमच्या ठरावाच्या वेळी ते अस्तित्वात होतेच. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यामुळे ‘नवीन कायदा आला’ असे म्हणू नका. तुमचे म्हणणे तिथेच खोडले जाईल. नियम जुनाच आहे, त्याची अंमलबजावणी आता होऊ लागली आहे आणि सवलत मिळाली तरी पहाटेपर्यंतचे नाटक तिच्यात बसत नाही, असे सांगा. तिसऱ्या अंकाच्या वेळी रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या हे तुमचे दुसरे कारण. ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता रीतीबद्दल. हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून बैठकीच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना, कृपया काढू नका. अध्यक्षांना आधी लेखी कळवून तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि ज्यांनी त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते त्यांच्यापैकी एखाद्याला आधी भेटा. संसदीय कामकाजाच्या ‘रॉबर्ट्स रूल्स’ या प्रसिद्ध नियमावलीत, त्याच बैठकीत झालेल्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूच्याच सदस्याने मांडावा असा दंडक आहे. तुमच्या मंडळाला तो लागू नाही, पण त्यामागचे शहाणपण घेण्यासारखे आहे : जुन्या वेळेचा आग्रह धरणारेच एखादे काका ‘पुन्हा बघूया’ म्हणाले, तर जिंकण्या-हरण्याचा प्रश्नच मागे पडतो. बोलताना आरंभी जुना निर्णय आणि त्याची कारणे स्वतः सांगा, अगदी ती कारणे देणाऱ्याला ‘हो, मी असेच म्हणालो होतो’ असे वाटेल इतक्या प्रामाणिकपणे. त्या चर्चेतले कोणी आज हयात नसतील, तर त्यांचे म्हणणे विशेष जपून मांडा. त्यांना आता खुलासा करता येत नाही.

निर्णय पुन्हा तुमच्या विरुद्ध गेला, तर या वेळी त्याची कारणे वहीत सविस्तर लिहून घेण्याचा आग्रह मात्र धरा. पुढच्या माणसाला ती लागतील.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात विषय कोणताही असो, एक सदस्य चर्चा १९६७ च्या जनमत कौलाकडे आणि भाषावादाकडे वळवतात. त्यांना थांबवावे काय? (मडगाव येथील एक वाचिका)

उत्तर : तुमच्या सदस्यांच्या मनातला विषय लहान नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. राजभाषेसाठीच्या आंदोलनाच्या काळात माणसेही दगावली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना ‘आता पुरे’ म्हणून गप्प करणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

पण कवितेवर बोलण्यासाठी जमलेल्यांचा वेळ त्यासाठी घेणे, हाही अन्यायच आहे. म्हणून या विषयासाठी एक स्वतंत्र संध्याकाळ ठरवा, तसे सर्वांना आधी कळवा, ज्यांना यायचे नाही त्यांना न येण्याची मोकळीक ठेवा आणि त्या सदस्यांनाच प्रास्ताविक करायला सांगा. मतमोजणीचे आकडे आणि कायद्यातली तरतूद यांवर वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. त्यांचे परिणाम काय झाले, शाळांत आज मराठीची स्थिती काय आहे, यांवर मात्र मनमोकळे बोलता येईल. इतर दिवशी विषय वळू लागला की अध्यक्षांनी त्या संध्याकाळची आठवण करून द्यावी. तेवढे पुरेसे होईल.

प्रश्न : कर्नाटकात स्थायिक झालेल्या आमच्या एका नातलगांनी काही वर्षांपूर्वी पत्राने विचारले होते की, आपली कुलदेवता मूळ कोणत्या गावची. तेव्हा मला सांगता आले नाही. आता माहिती मिळाली आहे. इतक्या उशिरा कळवणे बरे दिसेल काय? (फोंडा येथील एक वाचक)

उत्तर : अवश्य कळवा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या भागांतून अनेक दैवते अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, हलवली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. परमुलखात गेलेल्या कुटुंबांना आजचे देऊळ ठाऊक असते, मूळ गाव विस्मरणात गेलेले असते, आणि तो प्रश्न वर्षे लोटली म्हणून जुना होत नाही. पत्राच्या सुरुवातीला त्यांच्या प्रश्नाची आठवण द्या, उशिराबद्दल एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करा आणि लगेच माहितीकडे वळा. कुलवृत्तान्तातून मिळालेले काय आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले काय, हे वेगवेगळे लिहा. प्रश्न विचारणारे गृहस्थ आता नसतील, अशी शंका असल्यास पत्र त्यांच्या मुलांच्या नावे पाठवा.