बाली सोडून इंडोनेशियातल्याच शेजारच्या जावा बेटावर जावं का? नऊ दिवसांत काय बघता येईल आणि शाकाहारी माणूस खाईल काय?

जरूर जा. तुमच्याकडे नऊ दिवस आहेत, देवळं, जंगल, ज्वालामुखी आणि खाणं असं सगळंच थोडं थोडं हवंय आणि सौ. शाकाहारी आहेत. आम्ही दोघं गेलो तेव्हा आमची गतही अगदी हीच होती. जाकार्तात वेळ घालवू नका. चार रात्री योग्यकार्ता (तिथले लोक नुसतं ‘जोग्जा’ म्हणतात) आणि उरलेल्या पूर्व जावात. जोग्जाच्या लेंपुयांगान स्टेशनवरून ‘श्री तांजुंग’ ही साधी गाडी पूर्व टोकाच्या केतापांगपर्यंत जाते. ब्रोमो ज्वालामुखीसाठी उतरायचं ते प्रोबोलिंगो वाटेतच लागतं. दिवस मोडतो, पण खिडकीतून भातखाचरं बघत तो कसा जातो ते कळत नाही.

आधी खाण्याचं. जोग्जाची ओळख म्हणजे गुदेग. कोकणात कुयरीची भाजी खाल्ली असेल तर डोळ्यांना ओळखीचं वाटेल, पण जिभेला अजिबात नाही. कोवळा फणस नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन् तास शिजवतात. त्याचा तपकिरी-लाल रंग येतो सागाच्या पानांनी. आणि गोड म्हणजे चांगलंच गोड! आम्ही पहिल्याच सकाळी फसलो. ताटातली झणझणीत लाल भाजी बायकोला फार आवडली. अर्धी संपल्यावर कळलं की तिला ‘क्रेचेक’ म्हणतात आणि ती गुरांच्या कातड्याची असते. त्या दिवशी दुपारी ती जेवलीच नाही. तेव्हा गुदेग घेताना ‘तान्पा क्रेचेक’ म्हणा. ‘तान्पा’ म्हणजे ‘शिवाय’. खरा चोर मात्र ‘तेरासी’. ही कोळंबीची आंबवलेली पेस्ट मिरचीच्या ठेच्यात, म्हणजे सांबालमध्ये, असते आणि डोळ्यांना दिसत नाही. मासे-मटण नको एवढंच सांगितलंत तर ती येणारच, तिचं नाव वेगळं घ्यावं लागतं.

हे सांभाळलंत तर हाल होणार नाहीत, कारण तेम्पे मुळात जावाचंच. सोयाबीन शिजवून, बुरशीचं विरजण लावून त्याची घट्ट वडी जमवतात. नाकं मुरडू नका. ‘मेन्दोआन’ नावाचा प्रकार म्हणजे तेम्पेचे पातळ काप पिठात बुडवून अर्धवट तळलेले, मऊसर, आणि सोबत चावायला कच्ची हिरवी मिरची. पावसाची भजीच ती. ‘पेचेल’ म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. आम्ही पाच वेळा खाल्लं (तिथेही तेरासीचं विचारायचंच). रात्री तुगू स्टेशनजवळच्या हातगाडीवर ‘कोपी जोस’ प्या: कॉफीच्या पेल्यात निखारा टाकतात, चर्र असा आवाज होतो. चवीत मला काही फरक कळला नाही, आवाजाचे पैसे वसूल.

देवळांबाबत एक सांगतो, राग मानू नका. आपली मंडळी तिथे ‘हे बघ, आपलंच!’ एवढंच म्हणत फिरतात आणि खरी गंमत हुकते. जोग्जाजवळच्या प्रंबाननला 47 मीटर उंच शिवमंदिर आहे, नवव्या शतकातलं. आत महिषासुरमर्दिनी आहे. पण तिथल्या लोककथेत ती राजकन्या लोरो जोंग्ग्रांग. नकोशा वराला तिने एका रात्रीत हजार देवळं बांधायची अट घातली, आणि 999 झाल्यावर बायकांना उखळात भात कांडायला बसवून, उजाडल्याचा भास निर्माण करून कोंबडे आरवायला लावले. चिडून त्याने तिलाच दगडाची मूर्ती करून टाकलं. चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, ‘वायांग’, बघाल तेव्हाही असंच. महाभारत आहे, पण द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, आणि शिखंडी झालीय स्रिकांडी, अर्जुनाची लढवय्यी पत्नी. सगळ्यांत भाव खातो सेमार नावाचा ढेरपोट्या सेवक, जो मुळात देव आहे. दालांग, म्हणजे बाहुल्या खेळवणारा, एकटाच सगळे आवाज काढतो आणि पायाने पेटी ठोकून वादकांना इशारे देतो. अख्खा खेळ रात्रभर चालतो. सोनोबुदोयो संग्रहालयात संध्याकाळी दोनेक तासांचा होतो, तो पुरे. खेळवणारे आणि बघणारे बहुतेक मुसलमान. त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही.

बोरोबुदुर या प्रचंड बौद्ध स्तूपावर चढायचं तर तिकीट आधीच काढा, रोजची संख्या मर्यादित असते. दगड झिजू नयेत म्हणून विणलेल्या चपला देतात. त्यांचं नाव ‘उपानात’. संस्कृतातलं ‘उपानह’ पायात घालून मी बारा शतकं जुन्या पायऱ्या चढलो!

ब्रोमोच्या पहाटेबद्दल माझं मत जरा वाईट आहे. तीन वाजता जीप, मग गर्दीत कोपरं मारत सूर्योदय. त्यापेक्षा ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावात राहा आणि गर्दी पांगल्यावर त्या काळ्या वाळूच्या मैदानातून पायी जा. तिथले तेंग्गेर लोक हिंदू आहेत. कासादाच्या यज्ञाला भाज्या, कोंबड्या, बकऱ्या ज्वालामुखीच्या तोंडात अर्पण करतात. एरवी उभ्या उतारावर कोबी-बटाटा लावतात. इजेन या दुसऱ्या ज्वालामुखीत निळी ज्योत दिसते, पण गंधकाचा धूर घशाला लागतो. दम्याचा त्रास असेल तर जाऊ नका.

जंगलासाठी पूर्व जावातलं बालुरान राष्ट्रीय उद्यान. जावाचा गेंडा मनातून काढून टाका, तो पश्चिम टोकाला उजुंग कुलोनमध्ये मोजकाच उरलाय आणि पाहुण्यांना दिसत नाही. बालुरानला बेकोलच्या गवताळ माळावर हरणं, नशीब असेल तर बांतेंग ही रानगुरं आणि हिरव्या मानेचा मोर दिसतो. तो आपल्या मोराहून उंच वाटतो आणि त्याची लांडोरही जवळपास तितकीच झगमगीत. माळावर बाभळी बघून मी चमकलो. भारतातली बाभूळ डिंकासाठी एकोणिसाव्या शतकात जावाला नेली. 1969 च्या सुमारास वणवा सागाच्या जंगलात शिरू नये म्हणून ती बालुरानमध्ये लावली, आणि आता तिने गवतच गिळायला घेतलंय. ती काढून काढून तिथले लोक थकलेत.

जून ते सप्टेंबरमध्ये जा, आणि जावा गरम असतं म्हणून ब्रोमोला स्वेटर विसरू नका. आम्ही विसरलो होतो. जीपवाल्याकडून भाड्याने घेतला, त्याला गंधकाचा वास येत होता.