शिष्यवृत्ती घेऊ की मोठं नाव?

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली. यंदा बारावी झाले. क्लॅटच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या) रँकवर परराज्यातल्या एका जुन्या, नामांकित राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या कोर्सला जागा मिळतेय. फी, होस्टेल, मेस धरून वर्षाला 3 लाखांच्या पुढे खर्च आहे. दुसरीकडे पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने ट्यूशन फी पूर्ण माफ करतो म्हणून पत्र दिलंय. राहण्या-जेवणाचे पैसे आपले. वडिलांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. यंदा अवकाळीत मणी तडकले आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. काका म्हणतात, "नाव मोठं पाहिजे, कर्ज काय, फिटतं." आई म्हणते, मिळतंय ते घे. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून वाटणीचा दावा चालू आहे, त्यामुळे कोर्ट लहानपणापासून बघतेय. मला कोर्टातच उभं राहायचंय, जमलं तर पुढे न्यायाधीश व्हायचंय. राज्याची लॉ सीईटीसुद्धा दिलीय, मार्क बरे आहेत, पण घरात तिचं कोणी नाव काढत नाही. काय करू?
– एक वाचक, निफाड

उत्तर : तुला कोर्टात उभं राहायचंय, हे तू पत्राच्या शेवटाकडे जाता जाता लिहिलंयस. काका आणि आई दोघांच्या बोलण्यात ते कुठेच नाही, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

मुंबईतल्या बड्या लॉ फर्ममध्ये बसून कंपन्यांचे करार लिहायचे असं तू म्हणाली असतीस, तर मी काकांच्या बाजूने कौल दिला असता. त्या फर्म भरतीसाठी ठरावीक विद्यापीठांच्याच दारात जातात आणि त्यांचा सुरुवातीचा पगार कर्जाचा हप्ता पेलू शकतो. सीनिअर्सच्या ओळखी, मूट कोर्ट (सरावासाठीचे लुटुपुटूचे खटले), पुढे परदेशात एलएलएम, या सगळ्याला नावाचा उपयोग होतो. ते नाकारण्यात अर्थ नाही.

नाशिकला सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मात्र हिशेब वेगळा चालतो. माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येणाऱ्या पोरापोरींना मी कॉलेजचं नाव विचारते आणि दुसऱ्या आठवड्यात विसरून जाते. कोणाला जुने फेरफार वाचून तारीखवार टिपण काढता येतं, कोण कैफियतीतली (प्रतिवादीच्या लेखी उत्तरातली) गोम शोधतं, कोण उलटतपासाआधी साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष) नीट वाचून येतं, ते लक्षात राहतं. पक्षकार तर कॉलेज विचारतच नाही. तो विचारतो, "तारखेला तुम्ही स्वतः येणार ना?"

आता पैशांकडे ये. 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज, 10 टक्के व्याज, 15 वर्षांची मुदत धर. हप्ता 16 हजारांच्या आसपास बसतो. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिसळलं तर आणखी वर. शैक्षणिक कर्जाची वसुली साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते, म्हणजे वकिलीची सनद घेऊन तू कोणाच्या तरी ऑफिसात दुसऱ्या वर्षाची ज्युनिअर असशील तेव्हा. ज्युनिअरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार मानधन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ती किती ठिकाणी पाळली जाते हे कोणत्याही ज्युनिअरला विचारून बघ. समज, 20 हजार मिळालेच. 16 हजार बँकेला दिल्यावर खोलीभाडं कशातून देशील?

न्यायाधीश व्हायचं तर याला आणखी एक अट जोडली गेलीय. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी किमान 3 वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी हातात आली की थेट परीक्षा, हा रस्ता बंद झाला. म्हणजे तुझी सगळ्यात कमी कमाईची तीन वर्षं टाळता येणार नाहीत आणि हप्ता नेमका त्यांच्यातच सुरू होणार. असा हप्ता डोक्यावर असलेली हुशार मुलं मुकाट्याने कंपनीची नोकरी धरताना मी पाहिलीत. नोकरीत वाईट काही नाही, पण ती त्यांनी निवडलेली नव्हती.

"कर्ज काय, फिटतं" म्हणणाऱ्या काकांना तारण काय देणार, तेही विचार. साधारण साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक तारण मागते. काही नामांकित संस्थांसाठी ही मर्यादा वाढवतात, ते बँकेत जाऊन विचारावं. पण शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या) कलम 31 मुळे त्या कायद्याखाली ती जप्त करून विकता येत नाही. मग राहतं घर किंवा एनए प्लॉट पुढे करावा लागतो. द्राक्षाच्या भरवशावर राहतं घर गहाण टाकू नका.

म्हणून आईचं ऐक, पण शिष्यवृत्तीचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. माफी पाचही वर्षांची आहे की पहिल्या वर्षाची? पुढच्या वर्षी चालू राहायला काय लागतं? ठरावीक सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी) राखायचा असेल तर ते तुझ्या हातात आहे. वर्गात वरच्या दहा टक्क्यांत राहायचं असेल तर नाही, कारण शिष्यवृत्तीवाली मुलं वीस टक्के असतील तर सगळ्यांनी रात्रंदिवस अभ्यास करूनही निम्म्यांची माफी जाणारच. ती गेली की तिसऱ्या वर्षी पूर्ण फी भरायची, नाहीतर घरी यायचं. दरवर्षी फी वाढली तर वाढीव रक्कम कोण भरणार, तेही ईमेलवर लेखी घे. तोंडी आश्वासनाचं मोल तुमच्या घराला वाटणीच्या दाव्याने शिकवलं असेलच. आणि प्रवेश विभागाला विचारण्यापेक्षा तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना गाठ, माफी टिकली का ते विचार.

मुदतीचा फटका कोणालाही बसतो. बाबासाहेब 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, संस्थानशी करार करून अमेरिकेला गेले. पुढे लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनला नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पैसे जमवून पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडलं.

आता त्या सीईटीबद्दल, जिचं घरात कोणी नाव काढत नाही. मला तर तुझ्या हातातलं सगळ्यात चांगलं पान तेच वाटतं. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (जीएलसी) 1855 चं, पुण्याचं आयएलएस 1924 चं. दोन्हीकडे पाच वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश सीईटीतून होतात आणि फी राष्ट्रीय विधी विद्यापीठाशी तुलनाच होऊ नये इतकी कमी. काकांना नाव हवंय ना? मुंबई हायकोर्टात या दोन कॉलेजांची नावं कोणाला सांगावी लागत नाहीत. शिवाय नाशिकची अपिलं मुंबईलाच जातात, तेव्हा मुंबईत शिकलीस आणि शिकतानाच हायकोर्टाजवळ फोर्टातल्या एखाद्या वकिलाकडे संध्याकाळी बसता आलं तर सोन्याहून पिवळं. तू ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असशील आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर जुलै 2024 च्या शासन निर्णयाने कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलंय, तेही बघ. खासगी विद्यापीठांना ते लागू नाही.

तर माझा क्रम असा : जीएलसी किंवा आयएलएस लागलं तर ते. नाही लागलं आणि पुण्याचं पत्र सीजीपीएच्या अटीवर, पाच वर्षांसाठी असेल, तर ते. राष्ट्रीय विधी विद्यापीठ सगळ्यात शेवटी, आणि तेही कॉर्पोरेटमध्ये काही वर्षं काढायची तुझी स्वतःची तयारी असेल तरच.

कॅपच्या याद्या उशिरा लागतात, तोवर खासगी विद्यापीठातली जागा सोडू नकोस. फक्त पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केला तर किती परत मिळतात ते लेखी विचार. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी या आठवड्यातच सेतूत अर्ज टाक. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते आणि दाखल्यावाचून फॉर्म अडतो.