‘टक्कर थोडक्यात टळली’ की अंतरभंग?

प्रश्न असा आला आहे: विमानांच्या ‘नीअर मिस’ला, म्हणजे टक्कर होता होता वाचण्याला, मराठीत ‘चुकामूक’ म्हणावं का, आणि एटीसीवाले, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट आणि उंची सांगणारे कंट्रोलर, ज्याला ‘सेपरेशन’ म्हणतात त्याला ‘विलगीकरण’ चालेल का?

दोन्ही नाही. चुकामूक होते ती भेटायला निघालेल्यांची. एक जण दादर स्टेशनच्या पुलावर थांबतो, दुसरा पुलाखाली. विमानांना एकमेकांना भेटायचंच नसतं. ‘विलगीकरण’ कोरोनानं कायमचं दवाखान्यात नेऊन ठेवलं आहे. कुणी ‘पृथक्करण’ सुचवतात. ते पाण्याचं नाहीतर मातीचं करतात. सेपरेशनला साधा, घरचा शब्द आहे: अंतर.

पण मला खरा राग आहे तो ‘हवेतली टक्कर थोडक्यात टळली’ या मथळ्याचा. विमानं एकमेकांच्या बरोबर वरखालून हजार फुटांनी गेली तरी हा मथळा येतो. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात १,००० फूट, म्हणजे जेमतेम ३०५ मीटर, हे संपूर्ण नियमात बसणारं अंतर आहे आणि रोज शेकडो विमानं तेवढ्याच अंतरानं एकमेकांना ओलांडतात. पूर्वी या पट्ट्यात २,००० फूट ठेवत, कारण उंची हवेच्या दाबावरून मोजतात आणि वर जावं तसा दाबातला फरक बारीक होत जातो. यंत्राची जरा चूक झाली की शेकडो फुटांचा घोळ. उंचीमापकं सुधारली तेव्हा ते १,००० वर आलं, आपल्याकडे २००३ च्या नोव्हेंबरात. ४१,००० च्या वर आजही २,०००च.

दुसरं अंतर आडवं. रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांत वाटेत साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. विमानतळाच्या आसपास ३. आणि बातमीदार हटकून गाळतात तो शब्द म्हणजे ‘किंवा’. उभं किंवा आडवं, यांपैकी एक पुरतं. दोन्ही एकाच वेळी कमी पडली तरच कंट्रोलरच्या भाषेत ‘लॉस ऑफ सेपरेशन’ झाला. त्याला मी ‘अंतरभंग’ म्हणतो. नियमभंग, व्रतभंग यांच्याच चालीचा शब्द. यावर एका भाषातज्ज्ञांनी हरकत घेतली आहे की ‘अंतर’ म्हणजे मनही, तेव्हा हा शब्द प्रेमभंगासारखा वाटेल. त्यासाठी मराठीत ‘मनोभंग’ कधीपासूनचा आहे. हरकत घेण्यापूर्वी कोश उघडायला हवा होता.

अंतरभंग म्हणजे टक्कर हुकली असं नव्हे. आडवं अंतर ५ ऐवजी साडेचार मैल उरलं आणि विमानं एकमेकांपासून दूर जात असली तर नियम मोडला, धोका नव्हता. उलट ४८० नॉटनं, म्हणजे ताशी ४८० नॉटिकल मैलांनी, समोरासमोर येणारी दोन विमानं मिनिटाला १६ मैल जवळ येतात, पाच मैल १९ सेकंदांत संपतात. म्हणूनच ‘एअरप्रॉक्स’ या वेगळ्या संज्ञेत नुसते मैल मोजत नाहीत. अंतर, परस्पर स्थिती आणि वेग पाहून सुरक्षितता धोक्यात आली असावी असं वैमानिकाला किंवा कंट्रोलरला वाटलं पाहिजे. अमेरिकेत मात्र ५०० फुटांच्या आत आले की ‘नीअर मिडएअर कोलिजन’ची नोंद होते.

आता या ‘मिडएअर’कडे, म्हणजे ‘हवेत मध्येच’कडे, येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘अंतराळ’ म्हणजे फक्त वातावरणापलीकडचं, असं परिभाषाकार बजावतात. अंतराळवीरांनी तो शब्द वर पळवला, एवढंच. मूळ संस्कृत ‘अन्तराल’, म्हणजे दोहोंमधली जागा. कमलचं कमळ झालं तसं त्याचं अंतराळ. हेमाडपंती देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेला आजही अंतराळच म्हणतात, आणि तिथून कुणी अवकाशात जात नाही. यास्कानं निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, ‘अंतरिक्षा’ची फोडही ‘अन्तरा’पासूनच केली आहे. आपल्या भाषेनं आकाशाच्या या भागाला नावच ‘मधलं’ असं दिलं.

त्याहून देखणा शब्द ‘अधांतर’. याची फोड ‘अधस्’ म्हणजे खाली, अशी करणाऱ्यांशी माझा उघड मतभेद आहे. अधस् + अन्तर यांचा संधी ‘अधोऽन्तर’ होईल; अधोगती, अधोमुख, अधोरेखित यांत तो ‘ओ’ लख्ख दिसतो. अधांतरात तो कुठे आहे? माझ्या मते हा ‘अध’ अर्धाचा आहे, अधेलीतला, अधमेल्यातला. अध + अंतर, म्हणजे मधल्या जागेच्याही मध्यावर. ‘मिडएअर’ला याहून नेमका शब्द कुठल्याही समितीला बसून घडवता येणार नाही. निकाल, बदल्या आणि अनुदानं अधांतरी ठेवून आपण तो कचेरीत अडकवला आहे.

हरियाणातल्या चरखी दादरीला १२ नोव्हेंबर १९९६ रोजी झाली ती खरी अधांतरीची टक्कर. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंगला १४,००० फुटांची परवानगी, उतरणाऱ्या कझाक इल्युशिनला १५,००० ची, दोघं एकाच हवाई मार्गावर समोरासमोर. आडवं अंतर नव्हतंच, सगळी भिस्त त्या हजार फुटांवर. कझाक विमान १५,००० च्या खाली उतरलं आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नव्हती. ३४९ माणसं गेली. पुढे भारतीय आकाशात टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायला वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगणारा विमानातला यंत्रसंच, सक्तीचा झाला.

आणि त्या टीकॅसच्या ‘रिझोल्यूशन ॲडव्हायझरी’ला (आरए), म्हणजे ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ या सांगण्याला, ‘सल्ला’ म्हणू नका. सल्ला ऐकला नाही तरी चालतो. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगनवर रशियन टुपोलेव्हला टीकॅस ‘वर’ म्हणत होता, कंट्रोलर ‘खाली’. वैमानिक खाली गेले. समोरच्या मालवाहू बोइंगला त्याच्या टीकॅसनं खालीच पाठवलं होतं. ७१ मृत्यू. तो ‘आदेश’च आहे: पाच सेकंदांत पाळायचा, एटीसीच्या विरुद्ध असला तरी. वैमानिकानं ‘टीकॅस आरए’ म्हटलं की कंट्रोलरनं ‘रॉजर’ (ऐकलं) म्हणायचं आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे धोका टळला असं, वैमानिकाकडून कळेपर्यंत त्या विमानाला उंची बदलायला सांगायचं नाही.